मैलाचे दगड कोण उपटतं?

स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीचं काम चालू होतं. सुतारमामांनी दुकानदाराला फोन लावला, "आठ बाय चारची अठरा एमएम पाठव." शीट आली, कापली, खणात बसेना. मामांनी कानामागची पेन्सिल काढली, डोळा बारीक केला आणि म्हणाले, "दोन सूत घासावं लागंल." म्हणजे एकाच फळीची लांबी-रुंदी फुटांत, जाडी मिलिमीटरमध्ये आणि चूक सुतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कुठल्याही सरकारी तक्त्यात तो सापडणार नाही, पण महाराष्ट्रातलं एकही कपाट त्याच्यावाचून उभं राहिलेलं नाही.

त्याच दुपारी ओहायोतल्या भाच्याने घरच्या ग्रुपवर जगाचा नकाशा टाकला. मीटर-किलो वापरणारं सगळं जग हिरवं आणि न वापरणारे तीनच देश लाल: अमेरिका, लायबेरिया, म्यानमार. खाली दात काढणारे चेहरे. "मामा, चंद्रावर गेले पण फूट-पौंड सुटले नाहीत!" मी उत्तरादाखल सुतारमामांच्या टेपचा फोटो पाठवला. टेपच्या वरच्या कडेला इंच आणि खालच्या कडेला सेंटिमीटर. मामांचा अंगठा वरच्या कडेवर.

तो नकाशा मला पटत नाही. अमेरिका अजून मीटर-किलोवर का आली नाही, हा त्यात मांडलेला प्रश्न खरा आहे, उत्तर मात्र उथळ आहे. अमेरिकन लोक हट्टी, आडमुठे, जगाला न जुमानणारे, असं म्हटलं की विषय संपतो आणि आपल्याला जरा बरंही वाटतं. पण मापांचा इतिहास पाहिला तर दिसतं की जुनं माप तर्काने कुठेच हरलेलं नाही. ते हरलं ते दोनच कारणांनी. एक तर ते आतून इतकं सडलेलं होतं की व्यापाऱ्यालाच नकोसं झालं होतं, किंवा सरकार तारीख जाहीर करून काठी घेऊन उभं राहिलं. बहुतेक ठिकाणी दोन्ही एकदम. अमेरिकेच्या बाबतीत दुखणं मोठं नव्हतं आणि काठी कुणी उचललीच नाही.

आधी आपलंच पाहू. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा मण नावाचं एक माप या देशात नव्हतंच, मण नावाची डझनावारी मापं होती. मुंबईचा मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा आणि बंगाली मण ८२ पौंडांहून थोडा जास्त. मुंबईच्या कापसाची खंडी ७८४ पौंडांची, दुसऱ्या मालाची वेगळी. धान्याची पायली तर गावागणिक बदलायची. शेतकरी एका मापाने घालायचा आणि व्यापारी दुसऱ्या मापाने घ्यायचा, मधला फरक कुणाच्या घरी जायचा हे सांगायला नको. त्यामुळे १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला तेव्हा त्याच्याविरुद्ध उभं राहायला 'भारतीय माप' म्हणून काही अस्तित्वातच नव्हतं. मुंबईचा मण जिंकला तर मद्रासवाला चिडणार, बंगालचा जिंकला तर दोघेही. किलो कुणाचाच नव्हता, म्हणून सगळ्यांना चालला. शिवाय दुसरी पंचवार्षिक योजना तेव्हाच सुरू होत होती. मोठे कारखाने अजून उभे राहायचे होते, त्यामुळे इंची आट्यांच्या यंत्रांत अडकलेला पैसा थोडा होता. दहा वर्षं उशीर झाला असता तर हे काम कितीतरी महाग पडलं असतं.

आणि काठी होती. १ एप्रिल १९५७ ला नवा पैसा आला, १ ऑक्टोबर १९५८ पासून किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्याने लागू झाले. जुनी वजनं बाद, नव्या वजनांवर शिक्का, आणि वजनमाप खात्याचा माणूस बाजारात आला की तागड्यांची लपवालपवी. नव्या पैशाचा हिशेब तर विनोदीच होता. आण्याचे सव्वासहा पैसे होतात, पण वरचा पाव पैसा द्यायचा कुठून? म्हणून तक्ता निघाला: एक आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. एक-एक आण्याच्या चार वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर चोवीस नवे पैसे आणि एकदम घेतल्या तर पंचवीस. यावर दुकानादुकानांत किती वाद झाले असतील याची कल्पनाच केलेली बरी. पण निर्णय फिरला नाही.

या बदलात गेलं ते सगळंच टाकाऊ नव्हतं, हेही कबूल करायला हवं. माझ्या आजीला पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी येत होती, औटकीसुद्धा. औट म्हणजे साडेतीन. साडेतीनाचा पाढा म्हणणारी बाई आज दाखवून द्या. हे पाढे हौसेचे नव्हते, शेर-छटाक आणि रुपये-आण्यांचा बाजार त्यांच्यावर चालायचा. सोळा हा आकडा चार वेळा निम्मा केला तरी पूर्णांकात राहतो, दहा एकदाच. ज्या दुकानदाराकडे फक्त तागडी आहे त्याला निम्मं करणं सर्वांत सोपं जातं, दोन पारड्यांत सारखं वाटलं की झालं. बारा इंचांचे तीन भाग पडतात, दहाचे पडत नाहीत. तेव्हा जुनी मापं म्हणजे अडाणीपणा हे काही खरं नाही. ती हाताने काम करणाऱ्यांची मापं होती आणि दशमान पद्धत ही कागदावर काम करणाऱ्यांची. कागदाचं राज्य आलं आणि कागदाचं माप आलं.

शब्द मात्र हटले नाहीत. आजही भाजीवालीकडे 'पावशेर मिरच्या' मागतात आणि ती २५० ग्रॅम तोलते. खरा पावशेर २३३ ग्रॅमचा. म्हणजे नाव तेच राहिलं आणि माल सतरा ग्रॅमने वाढला. सराफाकडे उलटं झालं. तोळा मूळ ११.६६ ग्रॅमचा, आता बोलीत तो सरळ दहा ग्रॅमचा झाला. मिरची वाढली, सोनं घटलं. फ्रान्समध्येही असंच आहे. बाजारात अर्धा किलोला अजून 'लिव्र' म्हणतात, म्हणजे पौंडच.

फ्रान्सचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. मीटर ज्यांनी जन्माला घातला त्यांनीही तो आनंदाने स्वीकारला नव्हता. क्रांतीनंतर १७९५ मध्ये कायदा झाला, लोकांनी ढुंकून पाहिलं नाही. १८१२ मध्ये खुद्द नेपोलियनने माघार घेऊन जुन्या नावांची मापं पुन्हा चालू दिली. शेवटी १८३७ मध्ये नवा कायदा आला आणि १ जानेवारी १८४० पासून मीटर-किलोवाचून व्यवहार करणं गुन्हा ठरलं. पंचेचाळीस वर्षं! तर्क पहिल्या दिवसापासून तोच होता. त्याच्या मागे पोलीस उभा राहायला एवढा वेळ लागला.

आता अमेरिका. थॉमस जेफरसन परराष्ट्रमंत्री असताना १७९० मध्ये त्यांनी काँग्रेसपुढे, म्हणजे तिथल्या संसदेपुढे, वजनमापांचा अहवाल ठेवला आणि त्यात दहाच्या पटीतली एक अख्खी पद्धत मांडली. काँग्रेसने वाचली आणि बाजूला ठेवली. पुढे १७९४ मध्ये फ्रान्सहून जोसेफ दोंबे नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ मीटरचा आणि किलोचा तांब्याचा नमुना घेऊन अमेरिकेकडे निघाले. वादळाने जहाज कॅरिबियन बेटांकडे ढकललं, लुटारूंनी पकडलं आणि माँटसेराट बेटावर कैदेतच दोंबे वारले. चाच्यांनी अमेरिकेचा किलो पळवला, अशी ही कथा चवीने सांगितली जाते. कथा छान आहे, पण कारण म्हणून पोकळ आहे. तांब्याचा तो तुकडा फिलाडेल्फियाला पोचला असता तर काँग्रेसच्या सभासदांनी तो हातात घेऊन पाहिला असता, वाहवा केली असती आणि जेफरसनच्या अहवालाशेजारी ठेवून दिला असता.

कारण अमेरिकनांना दहाचं वावडं नव्हतं. १७९२ मध्येच त्यांनी शंभर सेंटांचा डॉलर केला. ब्रिटनला तेवढं करायला १९७१ उजाडलं, आपल्यानंतर चौदा वर्षांनी. मग पैशात दहा चालले आणि मापात का नाही? कारण नाणं नवंच पाडायचं होतं. वसाहतींमध्ये स्पॅनिश, इंग्लिश, नाना देशांची नाणी फिरत होती, म्हणजे आपल्या मणासारखीच गत. मापांचं तसं नव्हतं. यार्ड आणि पौंड सगळ्यांच्या हातात इंग्लंडहून आलेलेच होते, थोडे कमी-जास्त इतकंच. ते कमी-जास्तही पुढे सरकारने निस्तरलं. १८३६ मध्ये काँग्रेसने ठरवलं की प्रत्येक राज्याला प्रमाण वजनमापांचा एकेक संच द्यायचा. न्यूयॉर्कचा पौंड आणि जॉर्जियाचा पौंड एकच झाला. जो रोग बरा करायला इतरांनी किलो घेतला, तो रोग अमेरिकेने घरच्याच औषधाने आधीच बरा केला होता. त्याआधी १८२१ मध्ये तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी चार वर्षं खपून एक मोठा अहवाल लिहिला होता. त्यात मीटरची तोंडभर स्तुती आहे, आणि सल्ला असा की तूर्तास आपण हात लावू नये. मला तो सल्ला भित्रा वाटत नाही. त्या वेळी तो शहाणपणाचाच होता.

पण खरी गाठ बसली ती जमिनीत. माझा भाचा राहतो त्या ओहायोतूनच ती सुरू झाली. १७८५ च्या कायद्याने पश्चिमेकडची सरकारी जमीन मोजून विकायचं ठरलं आणि ओहायो नदीच्या काठापासून मोजणी निघाली. सहा मैल बाय सहा मैलांचा एक चौकोन, त्याचे छत्तीस तुकडे, प्रत्येक तुकडा एक चौरस मैल, म्हणजे ६४० एकर. डोंगर आला, ओढा आला, तरी रेघ सरळ. विमानातून पाहिलं तर आयोवा-कॅन्ससची शेतं पटावरच्या घरांसारखी दिसतात ती यामुळे. रस्ते मैलामैलावर, शेताची हद्द मैलावर, शाळेसाठी राखलेला सोळावा तुकडाही मैलाचाच. तिथे मैल हे लांबीचं माप उरलेलंच नाही, तो भूगोल झाला आहे. किलोमीटर करा म्हटलं तर त्या मैलाचे १.६०९ किलोमीटर होतात, आणि एका शेतकऱ्याच्या १६० एकरांचे ६४.७५ हेक्टर. कागद बदलतील, बांध तिथेच राहतील.

इथे एक गंमत आहे. ही मोजणी ज्या साखळीने झाली ती इंग्लंडच्या एडमंड गंटरची, ६६ फुटांची. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट. म्हणजे त्याच साखळीच्या निम्म्याने मोजलेला. ओहायोचा एकर आणि साताऱ्याचा गुंठा एकाच घराण्यातले. तरी आपल्या सातबाऱ्यावर आज हेक्टर-आर आहे. हे कसं जमलं? नशिबाने. एक गुंठा म्हणजे १.०१ आर. शेतकऱ्याला 'आर' म्हटलं काय आणि 'गुंठा' म्हटलं काय, फरक शेकड्यात एकाचा. त्यामुळे तलाठ्याने आर लिहिलं, लोक गुंठाच म्हणत राहिले आणि कुणाचं काही बिघडलं नाही. मैल आणि किलोमीटरमध्ये अशी सोयरीक नाही.

जमिनीनंतर यंत्रं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेचे कारखाने भरभरून वाढले आणि त्यांचा प्रत्येक स्क्रू, प्रत्येक आटा, प्रत्येक लेथ इंचात. तोवर मीटरला कायदेशीर मान्यता मिळाली होती, १८६६ मध्येच. १८७५ च्या मीटर-कराराच्या पहिल्या सतरा देशांत अमेरिका होती. १८९३ पासून तर अमेरिकेचा पौंड किलोवरून आणि यार्ड मीटरवरूनच ठरतो. आज एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, एक कणही इकडेतिकडे नाही. भाच्याच्या लाल-हिरव्या नकाशात हे कुठे दाखवणार? कागदोपत्री अमेरिका शंभरहून अधिक वर्षं मीटरवरच उभी आहे. वरून फक्त इंचाचा झगा.

मग १९७५. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी मेट्रिक, म्हणजे मीटर-किलोच्या पद्धतीच्या, कायद्यावर सही केली. हे साल मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण इथे खरोखर चूक झाली. त्या वेळी ऑस्ट्रेलिया बदलत होता, कॅनडा बदलत होता, जगाची हवा तीच होती. पण अमेरिकेच्या कायद्यात एक शब्द होता: ऐच्छिक. तारीख नाही, दंड नाही. समजावून सांगायला एक मंडळ नेमलं, त्याला अधिकार शून्य. पेट्रोलपंपवाल्याने लिटर का लावावा? शेजारचा पंप गॅलनवर असताना ज्याने लिटर लावला त्याचंच गिऱ्हाईक बिचकणार. माप ही एकट्याने बदलायची गोष्टच नव्हे, रस्त्याच्या कुठल्या बाजूने गाडी चालवायची यासारखी ती आहे. 'ज्याला वाटेल त्याने उजवीकडून चालवावी' असा कायदा कुणी करतं का? १९८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ते मंडळच गुंडाळलं, आणि त्याच्यासाठी कुणी रडलंही नाही.

अमेरिकन स्वभावच असा, जबरदस्ती चालत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी दारूच्या दुकानात नेईन. व्हिस्कीची बाटली तिथे पूर्वी गॅलनच्या पाचव्या हिश्शाची असायची, तिला नावच 'फिफ्थ'. सरकारी नियम आला की १९८० पासून दारू मेट्रिक बाटलीतच भरायची. ७५७ मिलिलिटरची बाटली ७५० ची झाली. मोर्चे निघाले नाहीत. पिणाऱ्यांनी सात मिलिलिटर निमूट सोडले. जिथे तारीख होती तिथे बदल झाला, जिथे विनंती होती तिथे झाला नाही. औषधं मिलिग्रॅममध्ये आहेत, शीतपेयाची मोठी बाटली दोन लिटरची आहे, मोटारींचे नटबोल्ट मेट्रिक आहेत. ज्यांना जगाला माल विकायचा होता ते स्वतःहून बदलले. ज्यांना घरातच विकायचं होतं त्यांना घरची बाजारपेठ पुरून उरत होती.

उरलेल्या दोन लाल देशांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. लायबेरिया अमेरिकेतून परत आलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी वसवला, येताना त्यांनी गॅलन बरोबर आणला. म्यानमारमध्ये बाजारात 'व्हिस' चालतो, साधारण १.६३ किलोचा. दोन्ही सरकारांनी गेल्या काही वर्षांत मेट्रिककडे वळायचं जाहीर केलं आहे. जाहीर करणं आणि वजनावर शिक्का मारणं यात किती अंतर असतं ते आपण वर पाहिलंच.

ब्रिटन तर नकाशात हिरवा. पण तिथे रस्त्यावर मैल, बारमध्ये पाइंट. २००१ साली संडरलंडच्या एका भाजीवाल्याला केळी पौंडाने विकल्याबद्दल खटल्याला तोंड द्यावं लागलं आणि तो रातोरात हुतात्मा ठरला. मग युरोपातून बाहेर पडल्यावर सरकारला वाटलं की लोक जुन्या मापांसाठी आसुसलेले असणार. २०२२ मध्ये लोकांचं मत मागवलं. शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांहून अधिक जणांनी मेट्रिकच बरं म्हटलं. वीस वर्षांत केळी किलोची झाली होती आणि त्या नव्या सवयीला पुन्हा कुणी हात लावलेला लोकांना नको होता.

मग अमेरिकेने काय करावं? सगळा देश एका रात्रीत उलटावा असं माझं म्हणणं नाही. शेतं मैलातच राहू देत, फुटबॉलचं मैदान यार्डातच. पण दोन पद्धतींच्या मध्ये लोंबकळत राहणं ही सर्वांत वाईट अवस्था आहे. या वादात नेहमी मंगळाच्या यानाचं उदाहरण देतात. १९९९ मध्ये एका गटाने पौंडांत दिलेले आकडे दुसऱ्याने मेट्रिक समजून वापरले आणि यान गेलं. ते उदाहरण वाटतं तितकं सरळ नाही. इंच नडला नाही, दोन भाषा नडल्या. त्याच्या उलट कॅनडाचं विमान पाहा. जुलै १९८३, मेट्रिकमध्ये रूपांतर चालू असतानाच, नवंकोरं बोइंग ७६७. लागणारं इंधन किलोत ठरवलेलं, पण हिशेब करताना लिटरला ०.८ किलोऐवजी १.७७ हा पौंडाचा आकडा धरला गेला. निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान उडालं आणि वाटेत, आकाशात, दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकाने ते घारीसारखं तरंगवत गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. ६९ माणसं वाचली. हा अपघात मेट्रिकच्या बाजूचा की विरुद्ध? दोन्हीकडचे लोक तो आपलाच म्हणतात.

मला विचाराल तर सुरुवात औषधाच्या चमच्यापासून करावी. भाच्याच्या मुलीला ताप होता तेव्हा मी तिथेच होतो. बाटलीवर मिलिलिटर, भाच्याच्या तोंडी 'वन टीस्पून', आणि खणात तीन आकारांचे चमचे. रात्री दोन वाजता, झोपेत, चहाचा चमचा कुठला नि टेबलाचा कुठला? एकाचे तीन होतात, थेट तिप्पट डोस. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्येच सांगितलं आहे की मुलांची पातळ औषधं फक्त मिलिलिटरमध्ये लिहा. सांगितलं आहे. पुन्हा विनंतीच.

आणि तरी, विनंतीचाही कधीकधी दगड होतो. अ‍ॅरिझोनात टूसॉनहून मेक्सिकोच्या सीमेवरच्या नोगालेसला जाणारा हमरस्ता आहे, इंटरस्टेट १९. सुमारे शंभर किलोमीटरचा. त्या मेट्रिकच्या लाटेत, १९८० च्या आसपास, त्याच्यावरच्या अंतराच्या पाट्या किलोमीटरमध्ये लावल्या गेल्या. लाट ओसरली, मंडळ गेलं, पाट्या राहिल्या. वेगाची मर्यादा मैलांत, अंतर किलोमीटरमध्ये, असा तो रस्ता चाळीस वर्षं चालू आहे. पाट्या जुन्या झाल्या तेव्हा राज्याने मैलांच्या नव्या लावायचं मनावर घेतलं. विरोध केला तो रस्त्याकाठच्या हॉटेलवाल्यांनी आणि दुकानदारांनी. बाहेर पडायच्या फाट्यांचे क्रमांक किलोमीटरवरून पडलेले होते आणि तेच त्यांच्या जाहिरातींवर छापलेले होते. मैल लावले की सगळे आकडे बदलणार, गिऱ्हाईक चुकणार, खर्च कोण देणार? भाच्याला मी त्या पाटीचं छायाचित्र पाठवलं. तो म्हणाला, "अरे, हे तर उलटंच झालं." सुतारमामा दोन सूत घासून झाले होते आणि ट्रॉली खणात बसली होती.